मेहुण्यांचं नाक आणि कागदाची गिटार

कोल्हापुरात नाकानं गिटार ऐकणारा एकच माणूस आहे, आणि तो माझ्या बायकोचा थोरला भाऊ आहे. हे मला लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत कळलं, तेही माझ्याच एका उद्योगामुळे. शिवाजी पेठेतल्या त्यांच्या घरी मेहुणे बाहेर गेलेले, भिंतीला टेकून त्यांची गिटार, आणि मी नवा जावई, काहीतरी करून दाखवायच्या उत्साहात. लहानपणी आम्ही बॅटला तेल पाजायचो. तेच शास्त्र लावून मी कोनाड्यातली खोबरेलाची बाटली घेतली आणि गिटार नखशिखांत चोळून काढली. मेहुणे आले, उंबऱ्यातच थबकले, हवेत नाक फिरवलं आणि म्हणाले, "हिला न्हाऊ कुणी घातलं?" त्यानंतर तुळशीच्या लग्नापर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. बायको बोलत होती, पण तीही कामापुरतंच.

मेहुणे लाकडाच्या वखारीत मापाला होते. तीस वर्षं सागवान, शिसव, जांभूळ सगळं त्यांच्या नाकाखालून गेलं. संध्याकाळी ऑर्केस्ट्रात गिटार. हळूहळू या दोन नोकऱ्या एकमेकींत मिसळून गेल्या. नवी गिटार हातात आली की लोक आधी तार छेडतात; हे आधी मधल्या गोल भोकाला नाक लावणार, डोळे मिटणार आणि तान्ह्या पोराची टाळू हुंगावी तसा एक लांब श्वास घेणार. मग निकाल. "अजून ओली हाय, दोन उन्हाळं खाऊ दे." किंवा, "हिच्याशेजारी बसून कोणतरी विड्या ओढतंय." या दुसऱ्या निकालामुळे एका गिटारवाल्याच्या वडिलांचं डॉक्टरांना दिलेलं वचन उघडं पडलं होतं. आमच्या घरी आले की डायनिंग टेबलाला नाक लावून "भुसा दाबलाय नुसता" म्हणत आणि त्याच टेबलावर पाच चपात्या खाऊन उठत. त्यांची स्वतःची गिटार पाठीला शिसवाची होती. रोज सकाळी चहाच्या आधी तिच्यात एकदा नाक घातल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे. गुऱ्हाळाच्या कडेनं गेल्यागत वाटतं, म्हणायचे.

मग बाजारात नव्या गिटारी आल्या. काही कार्बनच्या, काळ्याकुट्ट. काही कागदाचे थर डिंकात दाबून केलेल्या, वर लाकडाचं छापील चित्र, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या कपाटाला असतो तो सनमायकाच. मेहुण्यांबरोबर ऑर्केस्ट्रात वाजवणारा सलीम या मालाचा मोठा भक्त झाला. दर रविवारी तो यायचा आणि वाद पेटायचा.

"मामा, गेल्या पावसाळ्यात पन्हाळ्यावर वाजवली. धुक्यात. एक तार हलली न्हाय. तुमच्या गिटारीचं पोट सुटलं असतं."

"सुटू दे की. पावसात माझं गुडघंबी फुगत्यात. जे फुगत न्हाय ते जित्तं न्हाय."

"उन्हात गाडीत विसरली तरी काय होत न्हाय. घाण झाली तर नळाखाली धरायची."

"गिटार हाय का बादली?"

सलीम मात्र प्रामाणिक माणूस. एकदा तो आपणहून म्हणाला, "आवाज खणखणीत हाय, वरपास्नं खालपर्यंत एकसारखा. पर एक हाय मामा, लाकूड जसं वाजवून वाजवून गोड होतं, तशी ही व्हायची न्हाय. पहिल्या दिवशी जशी, तशीच शेवटाला."

मेहुण्यांना हेच हवं होतं. "जी म्हातारी होत न्हाय तिच्यासंगं नांदायचं कसं?"

आतून वहिनींचा, म्हणजे मेहुण्यांच्या बायकोचा, आवाज आला, "लिहून घ्या पावणं. माझ्या तोंडावर कधी म्हणालं न्हाईत."

दोन वर्षांपूर्वी मेहुणे तापानं पंधरा दिवस अंथरुणाला खिळले. ताप गेला, माणूस उठला, पण निकाल आखूड झाले. "बरी हाय." "चालतंय." आमच्या टेबलाला तर त्यांनी नावं ठेवणंच सोडलं. गिटारीचा वास मात्र पूर्वीपेक्षा जास्त वेळ घ्यायचे. इतका, की समोरच्याला अवघडल्यासारखं व्हावं. आम्ही म्हटलं, वय झालं, मवाळ झाले. माणूस मवाळ झाला की आपल्याला बरंच वाटतं. का झाला, हे कोण विचारत बसतो?

अशाच एका रविवारी सलीम नवी गिटार घेऊन आला. दिसायला अस्सल शिसव. पायऱ्यांवरच त्यानं मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाला, "कागद हाय, पावणं. नुसता छापील कागद. आज मामांचं तोंड बघायचं." इतक्या वर्षांच्या रविवारांचा हिशेब एकदम चुकता व्हायचा होता. मीही खोबरेलाची दिवाळी आठवून मनातल्या मनात हात चोळले.

मेहुण्यांनी गिटार घेतली. नाक लावलं. एक श्वास, दुसरा, तिसरा. आता "ह्यो काय सनमायका आणलाईस" असं ऐकू येणार म्हणून आम्ही दोघं तयारीत. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "शिसव. चांगलं मुरलंय."

सलीमनं माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं बघितलं. बरोबर आणलेलं हसू त्यानं सावकाश गिळलं आणि म्हणाला, "व्हय मामा. शिसवच."

"मग ऱ्हाऊ दे चार दिवस हितं," मेहुणे म्हणाले.

गुरुवारी ती परत आणायला सलीमचा पाय निघेना, म्हणून मी गेलो. वहिनी बाजारात गेल्या होत्या. मेहुणे खिडकीशी बसून तीच कागदाची गिटार वाजवत होते. त्यांची स्वतःची गिटार खोळीत बांधून कपाटावर, आडवी. ती तशी मी कधीच पाहिली नव्हती.

"कागद हाय ही," ते वाजवता वाजवताच म्हणाले. "दुसऱ्या दिवशी उन्हात बघितली. एकच गाठ तीन जागी हाय. झाड असं करत न्हाय."

मी म्हटलं, "मग परत करायची होती की, दादा."

त्यांनी कपाटावरच्या खोळीकडं एकदा बघितलं. मग म्हणाले, "तापापास्नं वास येत न्हाय, पावणं. कशाचाच. डॉक्टर म्हणाला येईल, पर कधी ते त्यालाबी ठाऊक न्हाय. माझ्या गिटारीला नाक लावलं की सकाळी सकाळी आपल्याच दारात उभा ऱ्हायल्यागत वाटतंय, आणि आतनं कोण वळखत न्हाय." त्यांनी कागदाच्या गिटारीवर हात ठेवून तारा गप्प केल्या. "हिला वासच न्हाय. हिच्याकडनं काय येणार न्हाय हे म्हायती हाय. हिच्यासंगं बरं वाटतंय."

मी उठलो तेव्हा ते म्हणाले, "सलीमला सांगा, मामांना शिसव पसंत पडलं. अजून ऱ्हाऊ दे म्हणावं. त्यानं माझी लाज राखली, मीबी त्याची राखतो. आणि माझ्या बहिणीला यातलं काय बोलू नका. उगीच रडत बसंल."

मी शब्द दिला. कळंब्याला घरी पोचेपर्यंत तो कसाबसा टिकला. बायको मेथी निवडत होती. मी समोर बसून चार काड्या निवडल्यासारखं केलं आणि सगळं सांगून टाकलं. तिचा हात थांबला नाही. ती रडलीही नाही.

"मला म्हायती हाय," ती म्हणाली. "आईच्या श्राद्धाला माझ्या हातनं खीर बुडाला लागलीती. समद्यांनी वाट्या बाजूला सारल्या. दादानं दोनदा मागून घेतली. वर म्हणाला, अगदी आईच्या हातची झालीया." तिनं एक जून काडी मोडून बाजूला टाकली. "मग मी त्याला वाढली."