बोक्याला कडुलिंब

पलूसला नवी सून म्हणून आले तेव्हा मला सगळंच येत होतं. निदान माझी तरी तशी खात्री होती. घरामागे ऊस, उसात साप, आणि सापावरचे उपाय मी वडूजहून, माहेरातून, पाठ करून आलेली.

एका सकाळी आमचा बोका परड्यात एकाएकी किंचाळला. बघते तर मागचे दोन्ही पाय लुळे, पुढच्या पायांवर अंग ओढत, धापा टाकत येतोय.

"साप चावला," मी जाहीर केलं. चिंधी फाडून दोन्ही मांड्या आवळल्या. साप चावलेल्याला कडुलिंबाचा पाला चावायला देतात. कडू लागला नाही तर विष चढलं. तोही आणला. बोक्याच्या तोंडात कोंबून विचारलं, "कडू लागतंय का रं?"

त्यानं माझा अंगठा फोडला.

सासूबाई चुलीपासून उठून आल्या. "पाला थुकला न्हवं? मग कडू लागला की. सोड ती चिंधी, शाणे." त्यांनी पाय चाचपले. "फुडचं गरम, मागचं रांजणावानी गार."

"आवं आत्याबाई, विटेचा शेक देते."

"भाजून खातीस का त्याला? दवाखान्यात ने."

पाटीत पोतं अंथरून, मालकांच्या सायकलवर मागं बसून आम्ही गुरांच्या दवाखान्यात गेलो. तिथं बैलवाले हसले. "वैनी, दूध किती देतंय?"

डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी पायाचे तळवे पाहिले, पांढरेनिळे पडलेले. मांडीच्या आत बोट ठेवलं. "नाडी लागत नाही. रक्ताची गाठ पायांकडच्या धमनीत अडकलीय. चोळलंत का?"

"न्हाई." पाल्याचं मी बोललेच नाही.

त्यांनी वेदनेवरचं इंजेक्शन दिलं. "आशा कमी आहे. उबेत ठेवा, हलवू नका. जगला तर पाय गरम व्हायला लागतील."

आता कुणी मांजराचे मागचे पाय गेले म्हणालं, की मी विचारते, गार आहेत का? तळवे फिके? ओरडतंय? मग बांधू नका, चोळू नका, शेकू नका, माणसाची गोळी तर मुळीच नको. पाटीत घाला आणि निघा.

त्या दिवशी घरी आल्यावर मी पाटीपाशीच बसले. सासूबाई भाकरी थापता थापता विचारायच्या, "हाय का गं?"

"हाय."

दुसऱ्या दिवशी डावा पाय कोमट लागला. मी हाक मारली तशा त्या पिठाच्या हातानंच आल्या, स्वतः चाचपून बघितलं. "उजवाबी हुईल," म्हणाल्या.

उजव्याला लय वेळ लागला. पण लंगडत का होईना, बोका पुन्हा ज्वारीच्या कणगीवर चढला.