विहिरीपर्यंत एक मैल

नगरच्या डॉक्टरांनी मला घरी सोडताना दोन गोष्टी बजावल्या. जड काही उचलायचं नाही, आणि रोज संध्याकाळी सपाट रस्त्यानं सावकाश चालायचं. हळूहळू वाढवत महिनाभरात एक मैल जाऊन एक मैल परत. आमचं गाव काष्टीपासून चार कोसांवर. चढ नाही की उतार नाही, दोन्ही बाजूंना ज्वारीची रानं, मधून गाडीवाट आणि कडेनं पाट. फिरायला याहून सोपं गाव शोधून सापडायचं नाही, असं हे म्हणाले. हे तिथल्या हायस्कुलात मास्तर होते. सायकलीच्या चाकाचे फेरे मोजून त्यांनी मला दारापासून एक मैल आखून दिला. तो नेमका एका वस्तीपुढच्या विहिरीपाशी संपला.

दुष्काळाच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. दिवाळी नुकतीच झाली होती. वाट खरोखरच सोपी होती, पण त्या गावात नुसतं चालणं ही गोष्टच कुणाला ठाऊक नव्हती. माणूस घराबाहेर पडला की त्याच्या डोक्यावर पाटी असते, हातात विळा किंवा तांब्या असतो, नाहीतर पुढे एखादी शेळी असते. माझे दोन्ही हात रिकामे.

“कुटं निघाल्या, मास्तरीनबाई?”

“अशीच. फिरायला.”

“काय हरावलंय का?”

पहिल्या दिवशी मी हसले. चौथ्या दिवशी एकानं बांधावरून आपणहून ओरडून सांगितलं की माझी शेळी तिकडं पाटाकडं दिसली नाही. माझ्याकडे शेळीच नव्हती. माझा स्वभाव मुळात तापट, त्यात अंगात ताकद नाही. पाव मैलात पाच जणांना उत्तरं द्यायची म्हणजे चालण्यापेक्षा बोलण्यानंच मी गळून जायची. पुढे मी हातात रिकामी पिशवी घेऊन निघायला लागले, तर लोक तीत वांगी घालायला लागले. जड उचलायचं नव्हतं. मग पिशवीही घरी राहिली.

मला काय झालं होतं ते गावात कुणाला माहीत नव्हतं. पोटाचं ऑपरेशन, एवढंच आम्ही सांगितलं होतं. खरं असं होतं की दुसऱ्या खेपेचंही मूल हाती लागलं नाही, आणि मला वाचवण्यासाठी डॉक्टरांना गर्भपिशवी काढावी लागली. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. दवाखान्यातून निघताना हे टांग्यात मला म्हणाले, “हे आपल्या दोघांतच राहू दे.” का, ते मी विचारलं नाही. सासूबाई कोल्हारला होत्या. त्यांना कळतं तर दुसरी मुलगी पाहायला त्यांनी आठवडाभरही वाट पाहिली नसती. आणि तेव्हा हे आईला नाही म्हणाले असते की मान खाली घालून बसले असते, याची मला खात्री नव्हती. आजही नाही.

तर महिना झाला आणि मी विहिरीपर्यंत पोचायला लागले. पोचेपर्यंत पोटात अशी ओढ लागायची की उभं राहवत नसे. विहिरीच्या अंगाला एक उंबर होता. मी त्याच्या बुंध्याला हात लावायचे, म्हणजे मैल पुरा झाला, आणि तिथंच पोट धरून, मान खाली घालून बसायचे. समोर शेंदूर लावलेले सात लहान दगड होते. पहिले आठ-दहा दिवस तर माझं त्यांच्याकडे लक्षसुद्धा गेलं नाही. मला फक्त बसायला सावली हवी होती.

ते दगड म्हणजे आसरा, पाण्याजवळच्या सात देवता. ज्यांच्या घरी पाळणा हलत नाही त्या बायका त्यांच्यापुढे नवस बोलतात. आणि तिथं मास्तरांची मूल नसलेली बायको रोज दिवस कलताना एकटीच यायची, उंबराला हात लावायची, आसरांपुढे पोटावर हात ठेवून मान झुकवायची आणि उठून घरी जायची. गावानं दुसरं काय समजावं?

एका मंगळवारी दगडांपुढे हिरव्या बांगड्या, खण आणि नारळ दिसला. वस्तीवरच्या मावशी धारेची कासंडी घेऊन गोठ्यातून येत होत्या. साठीच्या, कपाळ मोकळं, पायांत वहाणा नाहीत, आणि बोलणं नेहमी निम्म्यावर सोडून कामाला लागणाऱ्या. त्या म्हणाल्या, “तुझ्या नावानं ठिवलंय. बायांनीच आनलं. तुजं तू माग, आमीबी मागतो.”

त्याच वेळी मी सांगायला हवं होतं. पण त्या संध्याकाळी परत येताना मला कुणीही, कुठं गेल्या होत्या, असं विचारलं नाही. बांधावरची माणसं नुसती मान हलवून वाट सोडत होती. मला त्याचं इतकं बरं वाटलं की मी गप्प बसले. आयतं मिळालेलं खोटं होतं; मला एक शब्दही बोलावा लागला नव्हता.

मावशी मला रोज चहा द्यायच्या. गुळाचा, शेळीचं दूध घातलेला, पितळीत ओतलेला. त्यांची सून चुलीपाशी असायची. मावशी स्वतः माझ्या शेजारी दुसरी पितळी घेऊन बसायच्या, पण फारसं बोलायच्या नाहीत. उगाच धीर द्यायच्या नाहीत, हे मला त्यांचं आवडायचं. त्यांची लेक कोल्हारला दिलेली, आमच्या सासूबाईंच्या गल्लीतच. दर महिन्याला तिकडचा निरोप इकडं आणि इकडचा तिकडं व्हायचा. मी त्यांच्यापुढे तोंड जपूनच उघडत असे.

संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन गेले. मावशींनी माझ्या हातातला घेतला, कपाळाला लावला आणि पदराच्या गाठीला बांधला. मी म्हटलं, “असं नाही, मावशी, माझ्यासमोर तोंडात घाला,” आणि एक लाडू त्यांच्या ओठांशी नेला. त्यांनी तोंड फिरवलं.

सून चुलीपासून म्हणाली, “आत्यांनी गूळ सोडलाय, बाई. तुमचा पाळना हलंस्तवर खायाचा न्हाई म्हनून बोलल्याती.”

“कधीपासून?”

“म्हैना हुईल की. च्या बी तसलाच कडू पित्यात.”

मी रोज त्यांच्या शेजारी बसून गोड चहा प्यायले होते आणि त्यांच्या पितळीत काय आहे ते मला दिसलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली. त्याहून जास्त राग आला, त्यांचा, गावाचा, त्या सात दगडांचा. कुणी सांगितलं होतं या सगळ्यांना? मावशींना खरं सांगावं का, म्हणून रात्रभर मी जागी होते, पण यांना उठवलं नाही आणि विचारलंही नाही. विचारलं असतं तर हे नको म्हणाले असते.

दुसऱ्या दिवशी सून काष्टीच्या बाजाराला गेली होती. मी उंबराला हात न लावता सरळ मावशींसमोर जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. पिशवी काढल्याचं, डॉक्टरांच्या एका मैलाचं, मी नवस कधी बोललेच नव्हते त्याचं. म्हटलं, “आता मूल होणार नाही, मावशी. कितीही मागितलं तरी नाही. तुम्ही गूळ खा.” घरून आणलेला गुळाचा खडा मी त्यांच्या हातावर ठेवला.

त्यांनी खडा तळहातावर फिरवून पाहिला. मी कोल्हारचा विचार करत होते. कोल्हारला निरोप किती दिवसांत पोचतो, हेही मोजून झालं होतं.

“म्हंजी रोज दमून बसायचीस व्हय तितं,” त्या म्हणाल्या. “आन आमी वटी भरत हुतो.” मग म्हणाल्या, “लई दमवलं पोरी तुला आमी.”

ऑपरेशनपासून मला कुणी दमलीस का म्हणून विचारलं नव्हतं. मी रडले. खूप रडले, नाक पदराला पुसत.

त्यांनी तो खडा माझ्या हातात परत दिला. “ह्यो न्हाई मला खाता यायचा.”

“का? नवस तर आता…”

“नवसाचं ऱ्हाऊं दे. म्या आज गूळ खाल्ला, तर उद्या बाया इचारतील, का खाल्ला म्हनून. दिस गेलं म्हनू का आस सोडली म्हनू? कायबी सांगितलं तरी ती कोल्हारला जानार.” त्यांनी उठून पदर खोचला. “सवय झालीय आता. तू चालायचं सोडू नको.”

मी त्यांना नवसातून सोडवायला गेले होते. घरी येताना तो मैल मला तीन मैलांचा झाला.

त्यानंतर दीड वर्ष आम्ही त्या गावात होतो. मधे दुष्काळ पडला, विहिरीनं तळ गाठला, चहात दूध असायचं नाही. मी चालत राहिले. चार बायका जमलेल्या असल्या की मावशी मुद्दाम सर्वांदेखत बिनगुळाचा चहा पित, आणि माझ्याकडे बघतही नसत. यांची बदली झाली त्या दिवशीही त्या तसाच चहा प्यायल्या.

पुष्कळ वर्षांनी नगरच्या एसटी स्टँडवर त्यांची सून भेटली. माझ्या सासूबाई तोवर गेल्या होत्या. मावशीही आदल्या उन्हाळ्यात गेल्याचं तिनं सांगितलं. “शेवटाला नातवानं तोंडात गूळपानी घातलं, तर ते बी थुकून टाकलं आत्यांनी,” ती म्हणाली. मग माझ्याकडे निरखून बघत तिनं विचारलं, “तुमाला मागनं ल्येकरू झालं का वो काय?”

म्हणजे मावशींनी घरातल्या सुनेलाही सांगितलं नव्हतं.

“नाही,” मी म्हटलं.

“मग उगंच की वो सोडला गूळ त्यांनी.”

आता लपवायचं कुणापासून काही राहिलं नव्हतं. मला सांगता आलं असतं. निदान तिला तरी सांगायला हवं होतं. पण पिशव्या उचलून मी दमले होते, गाडी लागायची होती, आणि सगळं पहिल्यापासून सांगायचं माझ्या जिवावर आलं.

“हो, उगाचच,” मी म्हणाले, आणि बाकावर बसले.