इनासच्या नावाचं पान

देवबागच्या फिलोमिना फर्नांडिसला सगळं गाव फिलूबाय म्हणतं. पंचावन्नची बाई, उंचीने बेताची, आवाज मात्र खाडीच्या पल्याड पोचणारा. पुढे समुद्र, मागे खाडी, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी आणि त्या पट्टीवर तिचा दोन खोल्यांचा होमस्टे. कोल्हापूर-पुण्याचे पाहुणे तिच्या हातचं तिसऱ्यांचं सुकं खाऊन बोटं चाटत आणि दुसऱ्या दिवशी तिची बोलणीही खात, कारण वाळूच्या पायांनी आत आलेला माणूस तिला खपत नसे. कधी काय करायचं हे फिलूबायला कुणाला विचारावं लागलं नव्हतं. लोकच तिला विचारत.

अशा बाईला काहीच कळेनासं झालं, त्या दिवसांची ही गोष्ट.

तिचा नवरा इनास मालवणच्या एका ट्रॉलरवर खलाशी होता. गेल्याच्या गेल्या सप्टेंबरात तो ट्रॉलर वादळात उलटला. वर सहा जण होते. दिवस उजाडल्यावर दुसऱ्या बोटीने पाच जणांना पाण्यातून उचललं, त्यात शेजारचा सत्यवानही होता. इनास तेवढा मिळाला नाही. आठ दिवस शोधाशोध झाली, पण त्याच्या अंगावरचं चिरगूटसुद्धा किनाऱ्याला लागलं नाही. पाचही जणांनी एकच सांगितलं, की काळोख होता, लाटा होत्या, कुणी कुणाला दिसत नव्हतं.

तेव्हापासून फिलूबायचं तळ्यात-मळ्यात सुरू झालं. त्यांच्यात नवरा गेला की बाई वर्षभर काळं नेसते. फिलूबाय सोमवारी काळी साडी नेसायची, आपण हे काय करतोय असं वाटून गुरुवारी फुलाफुलांची काढायची आणि रविवारी चर्चला जाताना दोन्ही खाटेवर टाकून रडत बसायची. इनाससाठी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे त्याच्या नावाची उपासना, सांगायची, तर ती मेलेल्याच्या शांतीसाठी सांगायची की हयात माणसाच्या सुखरूपतेसाठी, हेही ठरेना. शेवटी तिने फादरांना नुसतंच ‘इनास फर्नांडिससाठी’ असं वाचायला लावलं. देवाला काय ते कळेल, असा तिचा हिशेब.

सल्ला द्यायला माणसं काय, बसलेलीच असतात. बोरिवलीच्या नणंदेने फोनवरून संत अंतोनीचा नोव्हेना सांगितला, नऊ दिवसांची प्रार्थना. हरवलेलं शोधून देणारा संत तो. फिलूबायचा त्याच्यावर विश्वास होताच, त्याने आजवर तिला कानातलं, रेशनकार्ड आणि एकदा गाभण शेळी शोधून दिली होती. नऊ दिवस मेणबत्त्या लावल्या, इनास आला नाही. कुठल्याशा प्रार्थना मंडळाच्या बाईने कळवलं, की शंका येते म्हणजे विश्वास कमी पडतोय. त्यावर फिलूबाय म्हणाली, की विश्वास भरपूर आहे, फक्त तो कशावर ठेवायचा तेवढं कुणी सांगा. सत्यवानची बायको तुळसा तर परस्पर देवळात जाऊन कौल लावून आली. कौल असा निघाला, की माणूस पाण्याजवळ आहे. देवबागेत पाण्याजवळ कोण नाही, ते तुळसाला सुचलं नव्हतं.

मध्येच एका ओळखीच्या ट्रकवाल्याने कारवारच्या बंदरावर इनाससारखा माणूस जाळं विणताना पाहिला. फिलूबाय एसटीने कारवारला गेली. तो माणूस इनास नव्हता, वयाने दहा वर्षांनी लहान होता आणि एक बाई आपल्याकडे बघून का रडते, हे त्याला कळत नव्हतं. परत येताना तिला वाईट वाटलं की बरं, हेदेखील तिला सांगता आलं नाही.

सत्यवानने मात्र कधी काही सल्ला दिला नाही. त्याने मासेमारी सोडली, दोन फायबरच्या बोटी घेतल्या आणि पर्यटकांना खाडीत फिरवू लागला. खाडी समुद्राला मिळते त्या संगमाच्या पुढे, समुद्रात, बोट काढायचा नाही. गावातली पोरं त्याला हसायची. फिलूबायच्या घरी तो नारळ पाडून द्यायचा, पंप दुरुस्त करायचा, पण चहाला थांबायचा नाही.

आणि अशात मुलीचं लग्न ठरलं. लविना पणजीला नर्स होती, मुलगा वेंगुर्ल्याचा. तारीख जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातली धरली. कुडाळच्या छापखान्यात पत्रिका द्यायला गेल्यावर तिथल्या माणसाने विचारलं, की वधूपित्याच्या नावामागे ‘कै.’ लावायचं ना? फिलूबायने नुसतं इनास लिहा म्हणून सांगितलं. लविनाला तेच हवं होतं. बाबा येईल, असं ती सोळा महिने म्हणत होती.

पत्रिकेचं निभावलं. खरी पंचाईत पुढेच होती.

लग्नाच्या आधी त्यांच्या घरात भिकाऱ्यांचं जेवण असतं. नाव तसं आहे, पण जेवण असतं घरच्या मेलेल्यांसाठी. गोरगरिबांना बोलवायचं, मांडीला मांडी लावून बसवायचं, पानं मांडून वाढायचं आणि पहिला घास घेण्याआधी घरातल्या मेलेल्या माणसांची एकेक करून नावं घ्यायची. जेवणारा जेवतो तो त्यांच्या नावाने. नाव राहिलं तर तो आत्मा लग्नाच्या दारातून उपाशी जातो, असं जुनी माणसं सांगतात. फर्नांडिसांकडे बारा पानांची रीत. पान एकही रिकामं ठेवायचं नाही.

नावं घ्यायचं काम वाडीतल्या कैतानकाकांचं. वय ब्याऐंशी, दात चार, पण प्रार्थना सगळ्या पाठ. महिनाभर आधीपासून ते रोज काठी टेकत कुंपणाशी यायचे आणि विचारायचे, “फिलू, इनासाचा नाव घेवचा काय नाय?”

फिलूबाय रोज म्हणायची, उद्या सांगते.

ती घोळत होती ते असं. नाव घेतलं आणि इनास कुठेतरी जिवंत असला, तर आपल्याच तोंडाने, आपल्याच अंगणात, मुलीच्या लग्नाच्या तोंडावर आपण त्याला मारला. आणि नाव नाही घेतलं आणि तो गेलेला असला, तर सासू-सासऱ्यांपासून सगळे जेवून गेले आणि ज्याची मुलगी तोच तेवढा दाराबाहेर राहिला. लविनाने तर बजावूनच ठेवलं होतं, की बाबाचं नाव घेतलंस तर मी अंगणात येणार नाही.

शेवटी ती फादरांकडे गेली. फादर तरुण, वसईकडचे, दोन वर्षांपूर्वी इथे आलेले. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि शिष्य होडीत असताना वादळ झालं ती शुभवर्तमानातली गोष्ट काढली. प्रभू होडीत निजला होता, शिष्यांनी त्याला उठवलं, त्याने वाऱ्याला दटावलं आणि समुद्र निवळला. फिलूबाय ते निमूट ऐकून घेणार नव्हतीच.

“तेंच्या होडयेत तो उठलो, फादर,” ती म्हणाली. “माझ्या घोवाच्या बोटीत कित्या नाय उठलो?”

फादर प्रमाण मराठीतच, पण अडखळत म्हणाले, की आठ वर्षं धर्मशिक्षण घेतलं, याचं उत्तर कुणी शिकवलं नाही. ज्याचं उत्तर आपल्यापाशी नाही ते देवाच्या हाती द्यायचं, एवढंच मला येतं. तुम्ही असं म्हणा, की प्रभू, इनास जिथे असेल तिथे तू त्याच्यासोबत राहा. जिवंत असेल तरी लागू, नसेल तरी लागू.

ते तिला आवडलं. दोन दिवस तिने तेच म्हटलं आणि दोन दिवस तिला झोप लागली. तिसऱ्या दिवशी मसाला वाटता वाटता तिच्या मनात आलं, की प्रार्थनेला चाललं, पण जेवणाला कसं चालायचं? पान एक तर मांडायचं, नाही तर नाही. देवाच्या हाती दिलं तरी नाव घेणारं तोंड आपलंच. की पुन्हा आपली गाडी मूळ पदावर.

जेवणाचा दिवस उजाडला. देवबागेत हल्ली जेवायला गरीब मिळणं मुश्कील, ज्याच्या त्याच्या दारात होमस्टेची पाटी. तरी कैतानकाकांनी बारा जण जमवले होते. तारकर्लीच्या दोन म्हाताऱ्या, एक आंधळा भजनी, बांधकामावरचे झारखंडचे मजूर, हॉटेलांवरचे नेपाळी राखणदार. भात, सुक्या सुंगटांची म्हणजे कोळंबीची कढी, वालाची उसळ, चणाडाळीची खीर. तुळसा सकाळपासून खोबरं वाटायला होती, सत्यवान पाण्याच्या घागरी आणत होता. लविना आतल्या खोलीत दार लावून बसली होती. फिलूबायने त्या दिवशी काळं नेसलं नव्हतं, फुलाफुलांचंही नाही. तुळसाची एक करड्या रंगाची साडी मागून आणली होती.

बारा वाजता पंगत बसली आणि मोजली तर अकराच. एका राखणदाराला मालकाने सोडलं नव्हतं. अन्न निवत होतं आणि रस्त्यावर पर्यटकांशिवाय कुणी नाही. कैतानकाका हात चोळू लागले, रिकामं पान ठेवून आपण तोंड उघडणार नाही म्हणाले.

तेव्हा सत्यवानने घागर खाली ठेवली, पाय धुतले आणि बाराव्या पानावर जाऊन बसला.

तुळसा हसायलाच लागली. दोन बोटींचा मालक आणि भिकाऱ्यांच्या पंगतीला बसतोय, म्हणाली. मजूरही हसले. पण पान भरलं होतं आणि कैतानकाकांना त्यातच समाधान होतं. त्यांनी कपाळाला-छातीला हात लावून खुरसाची, क्रुसाची, खूण केली आणि नावं सुरू केली. इनासचे आई-बाप, फिलूबायचे आई-बाप, मुंबईत वारलेला दीर. प्रत्येक नावाला तारकर्लीच्या म्हाताऱ्या आमेन म्हणत होत्या. मग काका थांबले आणि त्यांनी फिलूबायकडे पाहिलं.

ती भाताचं भांडं घेऊन उभी होती. सोळा महिने जो प्रश्न ती उद्यावर ढकलत होती तो तिच्यासमोर पाय रोवून उभा होता, आणि तिला खरंच, मनापासून, काहीही कळत नव्हतं. तिने देवाकडे मागितलं ते एवढंच, की कुणीतरी सांगा.

“माका वाढ, वयनी,” सत्यवान म्हणाला. मान खाली होती. “इनासाच्या नावान वाढ.”

तुळसाचं हसू गेलं.

मग तो बोलू लागला आणि एकदा सुरू झाल्यावर थांबेना. दोघं एकाच डिझेलच्या कॅनला धरून होते. कॅन दोघांना पेलत नव्हता. त्याने इनासचा हात धरला होता, किती वेळ कुणास ठाऊक. इनास सारखी तुमची ती मारीयेची प्रार्थना म्हणत होता. मग एक मोठी लाट आली आणि हात सुटला. इनास बुडताना त्याने या डोळ्यांनी पाहिला होता.

“हात तेणा सोडल्यान काय मी सोडलंय, ता माका अजून समाजणा नाय,” सत्यवान म्हणाला. “तू म्हणी होतंस तो येतलो. तो बुडालो ह्या तुका सांगूचा तर हाताचा पण सांगूचा लागात. माझी जीब उचालली नाय.”

फिलूबायला प्रथम राग आला, असा की हातातलं भांडं त्याच्या डोक्यात घालावं. सोळा महिने. कारवार, नऊ दिवसांच्या मेणबत्त्या, खाटेवरच्या त्या दोन साड्या, सगळं त्याच्या डोळ्यांदेखत झालं होतं. आणि त्या रागातच तिला दिसलं, की हा माणूसही सोळा महिने त्याच पाण्यात आहे, आणि त्याला तर कुणी बाहेर काढूच शकणार नाही, कारण हात कुणी सोडला ते सांगणारा दुसरा माणूस उरलेला नाही. तिला रडूही आलं आणि हायसंही वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

आतलं दार उघडलं होतं. लविना उंबऱ्यावर भिंतीला धरून उभी होती.

“खंयसर पावलेली ती प्रार्थना?” फिलूबायने विचारलं.

सत्यवानला आधी कळलं नाही. मग त्याने सांगितलं. शेजारच्या घरात लहानपणापासून रोज संध्याकाळी ऐकलेले शब्द त्याला पाठ होते. त्याने ते म्हणून दाखवले, येशूच्या नावापर्यंत, आणि तिथे गप्प झाला. म्हणाला, हयसरच लाट इली.

म्हणजे अर्धी झाली होती. राहिलेली अर्धी म्हणजे पवित्र आईने आम्हा पाप्यांसाठी, आता आणि मरणाच्या घडीला, विनंती करावी ती. फिलूबायने भांडं खाली ठेवलं, हात जोडले आणि ती उरलेली अर्धी प्रार्थना इनासच्या वतीने मोठ्याने पुरी केली. कैतानकाकांनी साथ दिली, उंबऱ्यावरून लविनाने दिली. मजुरांना आणि नेपाळ्यांना शब्द येत नव्हते, त्यांनी माना खाली घातल्या.

आमेन झाल्यावर तिने काकांची वाट पाहिली नाही.

“इनास फर्नांडिस,” ती स्वतःच म्हणाली.

मग तिने सत्यवानच्या पानावर भात वाढला, वर कढी घातली आणि त्याच्यासमोर जमिनीवरच बसली. तो भातात नुसती बोटं फिरवत राहिला. ती उठली नाही. पान स्वच्छ होईपर्यंत तिने त्याला जेववलं.