पडदा मिटला तरी चालू राहिलेले काम

युनूसभाईंची आणि माझी पहिली भेट जालना एमआयडीसीतल्या आमच्या बियाणे कंपनीत झाली. मी गुणवत्ता विभागाचा प्रमुख होतो. दूरच्या सर्व्हरवर उगवण चाचण्यांचा अहवाल तयार होत असताना इंटरनेट तुटले आणि मी चिडलो. टेंभुर्णीहून नुकतेच रुजू झालेले युनूसभाई शांतपणे म्हणाले, "सर, लाइन गेली, काम न्हाई गेलं. ते तिकडं चालूच राह्यलंय." पुन्हा जोडणी झाली तेव्हा अहवाल खरोखरच पुढे सरकलेला होता.

ज्या साधनाने हे साधले त्याला टर्मिनल मल्टिप्लेक्सर म्हणतात. एकाच काळ्या पडद्यावर अनेक कामे वेगवेगळ्या खिडक्यांत लावता येतात. आपला संगणक बंद केला तरी ती सर्व्हरवर चालू राहतात. युनूसभाई प्रत्येक खिडकीला नाव देत: उगवण, गोदाम, लेबले. बिननावाची खिडकी त्यांना बेशिस्त वाटे. कामे लावून, पाच वाजता संगणक मिटून ते घरी जात.

हेच त्यांना भोवले. मला बढती मिळणार होती आणि माझ्या जागी विभागप्रमुखपदी त्यांची निवड जवळजवळ ठरली असताना, "अर्धवट काम टाकून जातात" अशी तक्रार आली. चौकशी समितीचा अध्यक्ष मी होतो.

"संगणक बंद करून गेल्ते का न्हाई?" व्यवस्थापकांनी विचारले.

"गेल्तो, साहेब."

"मंग काम कोण करून राह्यलं होतं? तुमचं भूत?"

सारे हसले. युनूसभाईही हसले. "पाच मिनिटं द्या, जोडून दाखवतो."

मी म्हणालो, "प्रात्यक्षिक विषयपत्रिकेवर नाही."

पडदा बंद, म्हणून काम बंद, हे अनुमान सदोष होते. तर्कशास्त्र शिकलेल्या माणसाने, म्हणजे मीच, ते समितीचा निष्कर्ष म्हणून लिहून दिले. तक्रारीतल्या त्याच दिवसाचा पूर्ण अहवाल तर माझ्याच सहीने बाहेर गेला होता. पद दिवसभर पडद्यासमोर बसणाऱ्या गृहस्थांना मिळाले. त्यांना ही कार्यपद्धती युनूसभाईंनीच शिकवली, एकही टोमणा न मारता. माझ्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर आठवडाभर मला दुचाकीवरून दवाखान्यात नेणारेही तेच. समितीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

आज साठाव्या वर्षी ते त्याच जुन्या हुद्द्यावरून निवृत्त होत आहेत, आणि निमंत्रणपत्रिका त्यांना विभागाचा आधारस्तंभ म्हणते. समितीचा निष्कर्ष चुकीचा होता, तो लेखी मागे घ्यावा, असे पत्र मी कंपनीला दिले आहे. उत्तर आलेले नाही.

युनूसभाईंना निरोगी दीर्घायुष्य लाभो. ही इच्छा औपचारिक नाही. ती दुरुस्ती त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचावी असे मला वाटते, आणि आमच्या व्यवस्थापनाचा वेग मला ठाऊक आहे.