काटकोन सरांचे बारा पाठ

नववीला भूमिती शिकवणाऱ्या त्या शिक्षकांना विद्यार्थ्यांनी 'काटकोन' हे नाव नेमके कोणत्या वर्षी बहाल केले, हे आता कोणालाच सांगता येत नाही. मात्र त्यात अतिशयोक्ती नव्हती, एवढे निश्चित. सरांची पाठ ताठ, वहीचा समास सरळ आणि टेबलावरचे डस्टर टेबलाच्या कडेला समांतर असे. फळ्यावर ते कंपासाशिवाय वर्तुळ काढत, आणि त्याची रेघ जिथे जुळे तो सांधा शोधूनही सापडत नसे.

त्यांची आणखी एक रीत होती. प्रश्न विचारला की ते थांबत. अर्धे मिनिट, क्वचित पुरे एक मिनिट. वर्गात पंख्याची घरघर ऐकू येऊ लागे, तरी सर ढिम्म. "विचाराला जागा लागते," असे ते म्हणत. "मी बोलत राहिलो तर ती जागा मीच अडवून बसतो."

नोकरीच्या एकतिसाव्या वर्षी सरांचा घसा बसला तो उठेना. स्वरयंत्रावर एक साधी गाठ निघाली. डॉक्टरांनी ती काढण्याचा दिवस ठरवला आणि पुढे दीड महिना तोंडातून अवाक्षर काढायचे नाही, अशी ताकीद दिली. सरांना शस्त्रक्रियेचे भय वाटले नाही. त्यांना घोर लागला तो 'वर्तुळ' या धड्याचा. तो नेमका त्याच दीड महिन्यात येत होता.

"अहो सर, काळजी कसली करता?" मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. "वर्गात एवढा मोठा पडदा बसवलाय. इंटरनेटवर या धड्याचे तयार पाठ ढिगाने पडलेत. ते लावू. तुम्ही स्वस्थ आराम करा."

सरांनी त्या संध्याकाळी तसले चार पाठ पाहिले. चित्रे सुरेख होती, हे त्यांनी प्रामाणिकपणे मान्य केले. बोटाने बिंदू सरकवावा आणि कोन डोळ्यांदेखत बदलावा, हे त्यांच्या खडूला कधी साधले नव्हते. परंतु पाठ देणारा गृहस्थ कोणाला काही विचारतच नव्हता. सिद्धतेची गाडी सुटायची ती थेट शेवटच्या स्थानकावर थांबायची.

दुसऱ्या दिवशी ते बाईंसमोर उभे राहिले. "माझे पाठ मीच आधी रेकॉर्ड करून ठेवले तर?"

"ठेवा की. पण परीक्षा तोंडावर आहे. पहिला पाठ लावून पाहू. मुलांना समजला तर पुढचेही तुमचे. नाहीतर तयार पाठ, आणि मग रुसायचं नाही."

संगणकाच्या तरुण शिक्षिकेने आकृती हलवणारे एक मोफत साधन त्यांना इंटरनेटवर शोधून दिले आणि आवाजासकट पाठ कसा भरायचा, ते शिकवले. सरांनी प्रत्येक पायरी वहीत क्रमांक घालून उतरवून घेतली. शस्त्रक्रियेपूर्वीच्या दहा दिवसांत बारा पाठ करायचे होते. समोर कोणी नसले की सरांना शिकवता येत नसे; तेव्हा जेवणाच्या टेबलापाशी त्यांनी पत्नीला बसवले.

"एकाच कंसाने केंद्राशी सत्तर अंशांचा कोन केला," बसक्या आवाजात सर म्हणाले, "तर त्याच कंसाचा वर्तुळाच्या कडेवरच्या बिंदूशी कोन किती?"

सर थांबले. पत्नीने सोललेला लसूण बाजूला सारला.

"सत्तरच असणार! कंस तोच आहे ना?"

"हात वर करून."

"इश्श! वर्गात एकटी तर मी. गर्दीत हरवणार होते की काय?"

"हात वर करून," सर पुन्हा म्हणाले, आणि तिने लसणाचा हात वर केला.

बारा पाठ संगणकाच्या शिक्षिकेच्या हवाली करून सर इस्पितळात दाखल झाले. गाठ निघाली. आठव्या दिवशी गळ्याला मफलर आणि हातात पाटी घेऊन ते शाळेत हजर झाले आणि वर्गात शेवटच्या बाकावर बसले. मुख्याध्यापिकाबाई दारापाशी खुर्ची टाकून बसल्या. पाठ सुरू झाला.

पडद्यावरच्या सरांनी प्रश्न विचारला आणि त्याच श्वासात उत्तरही देऊन टाकले. ते कोणाच्या कानात शिरण्याआधीच दुसरा प्रश्न, लगेच उत्तर. तिसरा, लगेच उत्तर. इतका उतावळा शिक्षक सरांनी जन्मात पाहिला नव्हता, आणि तो ते स्वतःच होते! दहा मिनिटांत पाठ आटोपला. बाईंनी फळ्यावर एक उदाहरण लिहिले. चाळीस मुलांपैकी एकाचाही हात वर झाला नाही.

"राहू द्या सर," बाई हळूच म्हणाल्या. "उद्यापासून तयार पाठ लावू."

संगणकाच्या शिक्षिकेचा चेहरा उतरला होता. "सर, मीच कापला हो. त्यात नऊ मिनिटं नुसती शांतता होती, मधेमधे घरातलं बोलणं. मला वाटलं, चुकून राहिलंय."

सरांनी पाटीवर लिहिले, 'मूळ पाठ लावा. आत्ता.' खाली दोन रेघा ओढल्या. त्याही समांतर होत्या. बाईंनी घड्याळ पाहिले आणि मान डोलावली.

पुन्हा प्रश्न आला: "कोन किती?" आणि पडदा गप्प झाला.

"अडकलं! नेट गेलं!" पुढच्या बाकावर खसखस पिकली.

"मी थांबलोय," पडद्यातून आवाज आला. "घाई नाही. खिडकीजवळच्यांनी बाहेर बघू नये."

खिडकीजवळची तीन डोकी झटकन आत वळली. मग मात्र वर्ग शांत झाला. वह्या उघडल्या, पेन्सिली फिरू लागल्या. एका मुलीने पडद्याकडे पाहून हात वर केला आणि आपण हे काय केले, अशा संकोचाने खाली घेऊ लागली. तोवर सर शेवटच्या बाकावरून उठून पुढे आले होते. त्यांनी बोट रोखले.

"सत्तर," ती म्हणाली.

"सत्तरच असणार! कंस तोच आहे ना?" पडद्यातून एक बायकी आवाज ठणकावून म्हणाला. वर्गात हास्याचा एकच स्फोट झाला; त्या आवाजाचे पुढचे बोलणे त्यात बुडून गेले.

"हात वर करून," पडद्यावरचे सर म्हणाले. "चूक. पण पहिल्यांदा सगळ्यांना असंच वाटतं. आता बिंदू सरकवून पाहू." बिंदू वर्तुळाच्या मोठ्या बाजूवर कुठेही नेला तरी कोन पस्तीसच राहत होता. "बरोबर निम्मा. का बरं?"

पुन्हा शांतता. या वेळी कोणी हसले नाही. सरांनी त्याच मुलीच्या हातात खडू दिला. तिने त्रिज्या काढली, शेजारचीने दोन समद्विभुज त्रिकोण ओळखले, मागून कोणीतरी "बाहेरचा कोन घे, बाहेरचा!" म्हणून ओरडले, आणि पडदा बोलू लागण्यापूर्वी उत्तर फळ्यावर उमटले होते. बाईंचे उदाहरण मग एकतीस जणांनी सोडवले.

"उरलेले अकरा जसेच्या तसे लावा," मुख्याध्यापिकाबाई संगणकाच्या शिक्षिकेला म्हणाल्या. "एक सेकंदही कापायचा नाही."

घरी पत्नी दारातच उभी होती. "काय झालं?"

'माझेच पाठ लागणार,' सरांनी पाटीवर लिहिले. 'तुझं उत्तर चुकलं. सगळ्यांनी ऐकलं.'

"अगंबाई! आणि पोरांनी काय सांगितलं?"

सरांनी खडू पुन्हा उचलला. मग खाली लिहिले, 'आधी सत्तरच.'

"मग!" असे म्हणून ती विजयी मुद्रेने चहा ठेवायला आत गेली. सरांनी पाटी पुसली आणि टेबलाच्या कडेला समांतर ठेवली.