गाडीला बांधलेली ताटी

जागेश्वरला मी न थकलेला असा कधी पाहिलाच नाही. आमच्या बोळाच्या तोंडाशी त्याची खोली. घराणं विणकरांचं, हातमाग बंद पडला तसा तो लकडगंजच्या गुलाबचंद शेठची भाड्याची अँबॅसिडर चालवायला लागला. बायको अनुसया मात्र अजून चरख्यावर दुसऱ्यांच्या मागांसाठी सुताच्या कांड्या भरून द्यायची.

चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात ती गाडी सारखी तापू लागली. शेठने बजावलं, "आता सवारी रस्त्यात उतरली, त चाबी दुसऱ्याले देईन."

त्यातच आम्हाला रामटेकला जायचं होतं. माझी नणंद नीला, तिचा नवस होता. गाडी दारात आली तर पुढच्या जाळीवर वाळ्याची ताटी सुतळीने करकचून बांधलेली, पाणी निथळत असलेली. उन्हाळ्यात गारव्याला ओली ताटी खिडकीवर असायचीच, पण गाडीवर?

"हे काय रे?"

"कूलर, बाई. शेठच्या हापिसात पंखा ताटीतून हवा ओढते, खोली गारेगार. हिच्याबी पोटात पंखा हाये. सकाळीच शेठले दाखवली. हासले. वा म्हणे!"

आपल्या खोलीच्या दारातून अनुसया ओरडली, "आमच्या खिडकीची हाये ती! गाडीले गारवा, अन् आमी भाजून राहिलो."

"चूप वं," तो म्हणाला, पण त्यात जोर नव्हता.

"चला वहिनी," नीला म्हणाली, "इंजिनाची तरी आज चैन आहे."

कामठीपर्यंत निभावलं. पुढे रेल्वेचं फाटक लागलं, ते बंद. कोळशाची मालगाडी संपता संपेना. पंखा फिरत राहावा म्हणून जागेश्वरने इंजिन चालूच ठेवलं होतं. तापमानाचा काटा चढत गेला आणि एकदम शिट्टी वाजावी तशी वाफ उसळली.

त्याने इंजिन बंद केलं, स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. "गेली चाबी," एवढंच म्हणाला.

आम्ही बाभळीखाली उतरलो. त्याने बॉनेट उघडलं तशी नीला रेडिएटरच्या झाकणाकडे वाकली. "हात नोका लावू ताई! उकळतं पाणी तोंडावर येईन."

निवेपर्यंत तो तसाच उकिडवा बसून राहिला. मग पाणी भरून इंजिन सुरू केलं. पंखा तर फिरत होता. त्याने बिडी पेटवून जाळीपुढे धरली. धूर तिथेच घुटमळला. ताटीवर हात फिरवला तर रस्त्याची धूळ ओल्या वाळ्यात बसून चिखलाचा लेप झालेला. सुतळी तोडून ताटी काढली, पुन्हा बिडी धरली. धूर वळून आत शिरला.

"मांगून पंखा बाहेरची हवा या जाळीतून ओढते, तवा आतलं पाणी थंडं होते," तो सावकाश म्हणाला. "पळत्या गाडीत वारा आपसूक घुसते. उभ्या गाडीत सारा भार पंख्यावर. अन् म्या त्याचंच नाक दाबलं."

"पण ताटी नव्हती तेव्हाही तापतच होती ना?" नीलाने विचारलं.

त्याने उसासा टाकला. इंजिन बंद करून पंखा फिरवणाऱ्या पट्ट्यावर अंगठा दाबला. पट्टा खोल गेला. "चरख्याच्या चाकावरची माळ ढिली पडली का अनुसया पहिले ताणून घेते. रोज पायतो. इथं काहून नाही सुचलं?" पान्याने बोल्ट सैल करून त्याने पट्टा ताणला.

रामटेकला पोचलो तेव्हा देऊळ बंद झालेलं. उघडेपर्यंत पायऱ्यांच्या सावलीत बसलो. तो गाडीतच घोरत होता.

परतताना मी म्हटलं, "शेठना आम्ही काही सांगणार नाही हो."

"मले सांगा लागते, बाई. पट्टा झिजला हाये. नवा नाही टाकला, त उद्या तुटीन."

लकडगंजला त्याने आमच्यासमोरच चाबी शेठच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. गुलाबचंद शेठनी घाम पुसला. मग म्हणाले, "सकाळी म्याच वा म्हटलं होतं ना गा? घे चाबी. पट्टा बदल. पहाटे स्टेशनची सवारी हाये."

जागेश्वरने चाबी उचलली. बोळात शिरताना म्हणाला, "शेठनं ठेवून घेतली असती त घरात चूल नसती पेटली, बाई. पण उद्या झोपलो असतो."

अनुसयाने त्याच्या हातातली ताटी हिसकून घेतली. आपटून आपटून चिखल झाडला, खिडकीला बांधली, तांब्याभर पाणी मारलं. वाळ्याचा वास बोळभर सुटला. जागेश्वर ताटीखाली भिंतीला टेकून, पायात चप्पल तशीच ठेवून, झोपून गेला होता.