शेवटची दहा मिनिटं

मथुराबाई शेलारांचा दिवस पहाटे चारला सुरू होई. चाळीच्या नळाला पाणी चारला येई आणि सहाला जाई. खडकी बाजारामागच्या त्या चाळीत बिऱ्हाडं सतरा आणि नळ एक. आपले दोन हंडे भरून झाले तरी मथुराबाई घरी जात नसत. नळाच्या कट्ट्यावर बसून त्या बायकांना सिनेमा सांगत. आपला नंबर येईपर्यंत बायका ऐकत, आणि नंबर आला तरी हंडा लावायला विसरत.

मथुराबाई वसुंधरा टॉकीजमध्ये झाडायला होत्या. बत्तीस रांगा, सहाशे चाळीस खुर्च्या. तीनचा खेळ सुटला की सहाचा सुरू व्हायला वीस मिनिटं, सहाचा सुटला की नऊच्या आधी तेवढीच. त्यात मथुराबाई आणि आनंदी या दोघींनी सगळी जमीन झाडून टरफलांची पोती बाहेर काढायची. खुर्च्या लोखंडी, जमिनीत रोवलेल्या. बसून झाडलं तर वेळ पुरत नाही, उभ्यानं झाडलं तर कोपरे राहतात. कमरेत वाकून, भिंतीकडून मधल्या वाटेकडे मागं सरकत झाडावं लागतं, आणि जोर मनगटातून न लावता खांद्यातून लावावा लागतो. मनगटावर झाडणारी बाई दहाव्या रांगेत थांबते. मथुराबाई बावीस वर्षांत मध्येच थांबल्या नव्हत्या.

वेळ वाया जाऊ नये म्हणून दोघी खेळ सुटायच्या दहा मिनिटं आधी पडद्याशेजारच्या दारात झाडू घेऊन उभ्या राहत. म्हणजे मथुराबाईंनी बावीस वर्षांत लागलेल्या प्रत्येक सिनेमाची शेवटची दहा मिनिटं पाहिली होती. सुरुवात एकाचीही नाही. भावाभावांची गळाभेट त्यांना पाठ होती, ते भांडले कशावरून ते माहीत नव्हतं. मग शेवट पाहून सुरुवात त्या स्वतः लावत आणि नळावर अख्खा सिनेमा सांगत. कुणी तो आधीच पाहून आलेली असली तर म्हणे, “मावशी, तुमचाच बरा हाय. तिथं निस्ती गाणी.”

चांगला शीन कोणता, हे ओळखायची त्यांची एक खूण होती. टॉकीजभर शेंगा फोडल्याचा आवाज सतत चालू असतो, पत्र्यावर बारीक पाऊस पडावा तसा. तो आवाज थांबला की समजायचं. पडद्याकडे बघायची गरज नाही.

एकोणसत्तर सालच्या उन्हाळ्यात असा एक सिनेमा लागला. शेवटी एक बाई स्टेशनच्या बाकावर बसलेली असते, पायाशी पत्र्याची ट्रंक. घंटा वाजते. गाडी येते, उभी राहते, निघून जाते. बाई चढत नाही. ट्रंक उचलते आणि आल्या वाटेनं परत चालू लागते. संपलं. एक शब्द नाही, आणि दोन्ही खेळांना सहाशे माणसांत एक शेंग फुटली नाही.

दुसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी नळावर मथुराबाईंनी सांगितलं, “नवऱ्याशी भांडून निघालेली असती ती. ट्रंक भरून ठेसनावर आली. गाडीची घंटा झाली, गाडी म्होरं हुबी ऱ्हायली, पर तिचं पाऊल उचलंना. बाईचं पाऊल कुठं वळणार? घराकडंच.”

नळाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. हंडा भरून वाहत होता, तो हेमाचा होता.

हेमा शेजारच्या खोलीतली सून. मॅट्रिक झालेली. एका इस्पितळात नर्सच्या शिक्षणासाठी तिला बोलावणं आलं होतं. दीड वर्ष तिथंच राहायचं, रविवारी घरी यायचं. शनिवारच्या आत हो किंवा नाही कळवायचं. नवरा श्याम कारखान्यात होता, त्याची हरकत नव्हती. सासू सरुबाईची होती. “घर सोडून ऱ्हाणारी सून आमच्यात झाली न्हाई,” एवढं एकच वाक्य ती आठवडाभर वेगवेगळ्या भांड्यांच्या आवाजात म्हणत होती.

त्या दिवशी संध्याकाळी सरुबाई वाटीभर शिरा घेऊन मथुराबाईंच्या दारात आली. “घ्या. तुमच्या शिनेमानं काम केलं. पोरीनं आपणहून नकाराचं पत्र लिवलं. म्हणली, पाऊल शेवटी घराकडंच वळायचं तर जाऊ कशाला?”

मथुराबाईंनी शिरा ठेवून घेतला. पण खाल्ला नाही.

बाई परत फिरली हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. ती नवऱ्याशी भांडून निघाली, हे त्यांनी नळावर बसून जुळवलं होतं. आजवर त्यांच्या जुळवण्यानं कुणाचं काही बिघडलं नव्हतं. आता एका पोरीचं शिक्षण त्याच्यावर अडलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डोअरकीपर हिंदुरावांना गाठलं. “हिंदुराव, ती ठेसनावरची बाई. सुरवातीला काय होतं तिचं?”

“मला काय ठाऊक?” हिंदुराव म्हणाले. “मी पब्लिककडं तोंड करून उभा असतो. कुणी पाय पुढच्या खुर्चीवर टाकले ते विचारा.”

मग त्या सोमण मॅनेजरांकडे गेल्या. शरच्चंद्र सोमण सदाशिव पेठेतून सायकलनं येत आणि बोलताना शब्दही मोजून वापरत.

“बाई, मी सिनेमे लावतो. बघतो कधी म्हटलं?”

“मला तीनच्या खेळाला सुट्टी पायजे. उद्या.”

“बावीस वर्षांत पहिली सुट्टी, आणि ती सिनेमाला? उत्तम. अर्ध्या दिवसाचा पगार कापला जाईल. पडद्यापुढच्या पिटात उभ्या राहा, तिकीट नको.”

“नको. तिकीट काढून बसनार. दोन.”

सोमणांनी चष्मा काढून पुसला. “परवा उतरतोय हो तो सिनेमा,” ते म्हणाले. “उद्याच या.”

हेमा यायला तयार नव्हती. “मावशी, शेवट तर तुम्ही सांगितलात.”

“शेवट सांगितला. बाकीचा मी पाह्यलाच न्हाई. चल, ऊठ.”

बुधवारी तीनला दोघी सतराव्या रांगेत बसल्या. मथुराबाईंना खुर्चीची सवय नव्हती. त्या कडेवर बसल्या, पाठ न टेकता.

सिनेमा सुरू झाला. बाई एका गावात उतरते, हातात तीच ट्रंक. नवरा कुठंच नाही. ती मास्तरीण असते. गावाला मास्तरीण नको असते, म्हणून कुणी पोरं पाठवत नाही. ती रोज सकाळी शाळेच्या दारातली पितळी घंटा वाजवते. रिकाम्या खोलीत बसते. हजेरीपट उघडून एकेक नाव मोठ्यानं वाचते, थांबते, पुढचं वाचते. पूर्ण वेळ बसते. मग पदर खोचून शाळा झाडते, जिथं कुणी आलेलंच नसतं.

शेंगांचा आवाज थांबला. मथुराबाईंनी मान वळवून पाहिलं. सगळा हॉल बसल्या जागी थांबला होता. त्यांनी परत पडद्याकडे पाहिलं. नटी वाकून झाडत होती, भिंतीकडून दाराकडे, मागं सरकत, आणि जोर खांद्यातून येत होता.

“खरंच झाडती ग ही,” त्या हेमाच्या कानात म्हणाल्या. “नाटक न्हाई. आधी कुठंतरी झाडलेलं हाय हिनं.”

बराच वेळ तसंच. घंटा, हजेरी, झाडू. एके दिवशी गावातले चौघं येऊन शाळेला कुलूप लावतात. मास्तरीण ट्रंक भरते आणि स्टेशनवर येते. इथून पुढचं मथुराबाईंना पाठ होतं. बाक. ट्रंक. मग घंटा.

या वेळी त्यांनी घंटा ओळखली. ती स्टेशनची नव्हती. तीच पितळी घंटा होती. लांबून येत होती, वेडीवाकडी, कुणा लहान हातानं ओढलेली. शाळेत पोरं आली होती. गाडी आली आणि गेली. बाई ट्रंक उचलून परत फिरली. गेले बारा दिवस मथुराबाई तो आवाज दारात उभ्या राहून रोज दोनदा ऐकत होत्या.

दिवे लागले. आनंदी झाडू घेऊन रांगेत आली. “मावशी, पाय वर घ्या,” ती म्हणाली आणि खाली वाकून बघू लागली. दोघींच्या खुर्च्यांखाली एक टरफल नव्हतं. मथुराबाईंनी सगळी पदरात बांधली होती.

परतताना बाजाराशी हेमा थांबली. मग म्हणाली, “मावशी, ती घरी नाही गेली.”

“न्हाई. कामावर गेली. मी चुकीचं सांगितलं.”

घरी श्याम नुकताच आला होता. हेमानं विचारलं, “पत्र टाकलंत?”

श्यामनं खिशातून पाकीट काढलं. कडा घामानं मऊ झाल्या होत्या. “कालपासून दोनदा पेटीजवळ गेलो,” तो म्हणाला, “आणि दोन्ही वेळा कुणीतरी ओळखीचं भेटलं.”

सरुबाईनं चुलीकडून मान वळवली. “आता शिनेमे बघून घर चालवा.”

“सरुबाई,” मथुराबाई दारातच उभ्या होत्या, “मी अर्धवट बघून सांगितलं. अर्धवट सांगितलं म्हंजी खोटंच. तुमची अडचण काय ते सांगा.”

सरुबाईनं फुंकणी बाजूला ठेवली. “माझा गुडघा बघा. पानी कोण भरनार? पोरगं पाचला कामावर जातं, तवर नंबर लागत न्हाई.”

“एवढंच हाय?”

“एवढंच म्हंजी? दोन हंडे असत्यात रोज.”

“दीड वर्स तुमचे दोन हंडे मी भरीन. चारला. एक दिवस चुकला तर पोरीला परत बोलवा.”

सरुबाईनं मथुराबाईंच्या हातांकडे पाहिलं. ते हात काय करू शकतात हे चाळीला माहीत होतं. “काठोकाठ भरायचे,” ती म्हणाली. “निम्मा हंडा मला चालत न्हाई.”

हेमानं नकाराचं पत्र चुलीत घातलं आणि दुसरं लिहिलं. या वेळी श्यामला वाटेत कुणी भेटलं नाही.

सोमवारी हेमा पत्र्याची ट्रंक घेऊन निघाली. त्या पहाटे मथुराबाईंनी चार हंडे भरले, सरुबाईच्या दारात दोन ठेवले, आणि कट्ट्यावर बसून तोच सिनेमा पुन्हा सांगितला. या वेळी सुरुवातीपासून. स्टेशनच्या शीनवर त्या फार थांबल्या नाहीत. रिकाम्या शाळेतलं झाडणं मात्र त्यांनी एवढं सांगितलं की बायका म्हणाल्या, “मावशी, नंबर गेला आमचा.”

“जाऊ द्या. मागचं कळल्याबिगर म्होरली घंटा ऐकू येत न्हाई.”

दीड वर्षात एकही दिवस चुकला नाही. सरुबाई रोज हंड्यात डोकावून पाही आणि काही बोलत नसे.

सिनेमा पाहिला त्याच्या पुढच्या महिन्याच्या सात तारखेला सोमणांनी मथुराबाईंना पगार दिला. अर्ध्या दिवसाचे पैसे कापलेले होते. दोन तिकिटांचे आधीच गेले होते. बावीस वर्षं वाकून मिळवलेल्या पैशांतून मथुराबाईंनी स्वतःसाठी पहिल्यांदा काही विकत घेतलं होतं. शेवट त्यांना फुकट मिळत असे. पैसे पडले ते सुरुवातीचे.